सीरमच्या बाटलीतला मुका विषाणू

गाय व्याली की जुन्या माणसांचा कल वार पडण्याची वाट पाहण्याकडे असतो. पशुवैद्य मात्र कित्येक वर्षे सांगत आलेत, थांबू नका, वासराला आधी चीक पाजा. आर्वी, आष्टी, कारंजा या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्यांत, जिथे गवळाऊ जातीची पांढरी, चपळ जनावरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, तिथेही हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. खरवस घरात सगळ्यांनाच हवा असतो, पण चिकावर पहिला हक्क वासराचा. गायीच्या नाळेची रचनाच अशी आहे की आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भापर्यंत जवळजवळ पोचत नाहीत. माणसाचे मूल आईकडून थोडीफार शिदोरी घेऊन जन्माला येते. वासरू कोरे येते, आणि त्याची शिदोरी चिकात असते.

या कोरेपणावर जगभरातला एक मोठा व्यवसाय उभा आहे.

शरीराबाहेर, प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये पेशी वाढवायच्या तर क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे एवढ्यावर भागत नाही. पेशींना विभाजनाचा इशारा देणारी प्रथिने लागतात, भांड्याच्या तळाला चिकटून राहायला मदत करणारे घटक लागतात, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन लागते, संप्रेरके लागतात. हे सगळे एकत्र तयार मिळते ते रक्ताच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर द्रवात. गर्भातल्या वासराच्या सीरममध्ये वाढीचे घटक भरपूर असतात आणि प्रयोगात लुडबूड करणारी प्रतिपिंडे नगण्य. अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे थिओडोर पक यांनी १९५८ च्या सुमारास पेशीसंवर्धनात त्याचा वापर रूढ केला. माध्यमात शंभराला दहा भाग सीरम घालण्याचा प्रघात पडला, तो आजही बहुतेक ठिकाणी टिकून आहे. प्रयोगशाळेत कुणी ‘फीटल बोव्हाइन सीरम’ हे त्याचे पूर्ण नाव घेत नाही. सगळे ‘एफबीएस’ म्हणतात.

हे सीरम मिळते कसे, याबद्दल फारसे बोलले जात नाही. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली तर तिच्या पोटातला गर्भ बाहेर काढून त्याच्या हृदयात सुई घालून रक्त ओढले जाते. तीन महिन्यांच्या गर्भातून साधारण दीडशे मिलिलिटर, सहा महिन्यांच्या गर्भातून साडेतीनशे आणि पूर्ण वाढलेल्या गर्भातून साडेपाचशे मिलिलिटरपर्यंत कच्चे सीरम मिळते. रक्त गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करतात, मग ते बर्फासारखे घट्ट करून कारखान्याकडे पाठवतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला पाच लाख लिटर कच्चे सीरम निघत होते, आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक गर्भ लागत होते.

वर्ध्याच्या वाचकाला इथे थोडे अडखळायला होईल. गोसेवा संघ १९४१ मध्ये वर्ध्यातच सुरू झाला. जमनालाल बजाज आयुष्याच्या अखेरीस गोपुरीत राहून त्याच कामाला लागले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत, आणि तिथला कटाक्ष असा की कातडे आपोआप मेलेल्या जनावराचेच घ्यायचे, मारलेल्याचे नाही. कातड्याच्या बाबतीत तो मार्ग निघाला. सीरमच्या बाबतीत तसा मार्ग निघत नाही. आपोआप मेलेल्या जनावराच्या रक्तात जिवाणूंनी आधीच घर केलेले असते आणि फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे ते लालभडक होते. पेशींना ते चालत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. राज्यातल्या गायींपासून कायदेशीरपणे हे सीरम बनण्याचा प्रश्नच येत नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे काय किंवा पुण्या-मुंबईत काय, पेशी वाढवायच्या असतील तर गायीच्या सीरमची बाटली बाहेरून येते. लेबलवर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका किंवा दक्षिण अमेरिका लिहिलेले असते. नैतिक प्रश्न त्याने सुटत नाही, फक्त नजरेआड होतो.

पण या प्रकरणाचा विषय बाटलीत सीरमखेरीज आणखी काय येते, हा आहे.

१९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दुभत्या गायींमध्ये ताप, हगवण आणि गर्भपाताची एक साथ आली. पीटर ओलाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. या रोगाचा विषाणू पुढे ‘बोव्हाइन व्हायरल डायरिया व्हायरस’ म्हणून ओळखला गेला, आणि पशुवैद्य त्याला नुसते बीव्हीडी म्हणतात. नावात हगवण असली तरी त्याची खरी करामत गर्भाशयात दिसते. गाभण गायीला पहिल्या चारेक महिन्यांत लागण झाली की विषाणू नाळ ओलांडतो. आईची प्रतिपिंडे जी वाट ओलांडू शकत नाहीत, ती हा सहज ओलांडतो. त्या वेळी वासराची प्रतिकारयंत्रणा आपले कोण आणि परके कोण हे शिकत असते. विषाणू तेव्हाच हजर असल्याने ती त्याला आपल्यातलाच समजते. असे वासरू जन्मभर विषाणू बाळगते आणि फैलावते, आणि त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे सापडत नाहीत. काही वासरे खुरटी राहतात, काही वरून धडधाकट दिसतात.

अशा एका गर्भाचे रक्त कत्तलखान्यात गोळा झाले तर एकच बाटली बिघडेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. सीरमचा एक लॉट शेकडो, कधी हजारो गर्भांचे सीरम एकत्र करून बनतो. सकाळी दूध संकलन केंद्रावर गावातल्या सगळ्या घरांचे कॅन एकाच टाकीत रिते होतात, आणि त्यातला एक कॅन नासका निघाला तर टँकरच जातो. इथेही तसेच. फरक इतकाच की नासलेल्या दुधाला वास येतो.

सीरममधला हा विषाणू वास देत नाही, रंग देत नाही, आणि बहुतेक वेळा पेशी मारतही नाही. बीव्हीडीचे दोन प्रकार आहेत. एक पेशी फोडणारा आणि दुसरा पेशीत मुकाट राहणारा. गर्भात कायमचा मुक्काम ठोकणारा हा मुका प्रकार, आणि सीरममध्येही तोच येतो. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लास्कमधल्या पेशी छान पसरलेल्या दिसतात, वेळेवर वाढतात. आत मात्र विषाणू त्यांच्या इंटरफेरॉनची, म्हणजे पेशींच्या धोक्याच्या घंटेची, यंत्रणा दाबून ठेवतो. संशोधक त्या पेशींवर दुसऱ्या विषाणूचा प्रयोग करतो, आणि प्रयोगाचे आकडे त्याला समजत नाहीत.

गाळणीने हा विषाणू अडत नाही. एफबीएस साधारणपणे एक दशांश मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून तीन वेळा गाळतात. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जिवाणू त्यात अडकतात. बीव्हीडीचा कण ४० ते ६० नॅनोमीटरचा, छिद्र १०० नॅनोमीटरचे. आरामात पलीकडे. प्रयोगशाळेत सीरम ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ती रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांसाठी आहे, आणि विषाणू मारायला तिचा भरवसा धरता येत नाही. पण आजही विद्यार्थी ‘हीट केलेले सीरम’ म्हणजे निर्धोक सीरम समजतात. ही समजूत शिक्षकांनीच मोडून काढायला हवी.

उरतो गॅमा किरणांचा मार्ग. गोठलेल्या सीरमवर २५ ते ४० किलोग्रेची मात्रा देतात. गोठलेल्या अवस्थेतच, कारण द्रवात प्रथिनांची जास्त नासाडी होते. महाराष्ट्राला हे तंत्र परके नाही. तुर्भ्याच्या आयसोमेडमध्ये १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते, आणि लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरण देण्याचे केंद्र आहे. कांद्याला किलोग्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा पुरते, यावरून सीरमला किती झोडपावे लागते याची कल्पना येईल. बीव्हीडीसारखा आवरणधारी विषाणू यात मरतो. पार्वो, सर्को, पॉलिओमा या जातींचे आवरण नसलेले बारके, चिवट विषाणू मात्र बऱ्याचदा तग धरतात.

हा प्रश्न किती व्यापक होता? अमेरिकेतल्या स्टीव्हन बोलिन आणि ज्युलिया रिडपाथ यांनी १९९८ मध्ये कच्च्या सीरमच्या एक हजार लॉटची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सुमारे दोनशे लॉटमध्ये जिवंत बीव्हीडी सापडला. २०११ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दहा पुरवठादारांकडचे ३३ बॅच तपासले, तेव्हा एकूण एक बॅचमध्ये या कुळातल्या कुठल्या ना कुठल्या विषाणूची जनुकीय खूण मिळाली. खूण मिळाली म्हणजे विषाणू जिवंत होता असे नाही, कारण किरणांनी मेलेल्या विषाणूचा आरएनए पीसीआर चाचणीत तरीही दिसतो. हा फरक विसरला की विनाकारण घबराट पसरते, आणि फरकाचा आधार घेऊन कुणी चाचणीच करणार नसेल तर ती सरळ बेफिकिरी ठरते.

बेफिकिरीची किंमत जनावरांनी आधी मोजली. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी नेदरलँड्सच्या पशुआरोग्य सेवेने देशातल्या पशुवैद्यांना गायींना एका हर्पिस विषाणूविरुद्धची लस देणे ताबडतोब थांबवायला सांगितले. आदल्या दिवशी चार दुग्धशाळांत लस घेतलेल्या गायी गंभीर आजारी पडल्या होत्या. त्या लशीच्या बॅचमध्ये बीव्हीडीचा ‘टाइप २’ हा जहाल जनुकीय प्रकार होता. पेशींवर वाढवलेल्या लशीत हा विषाणू शिरण्याची सर्वांत ओळखीची वाट म्हणजे सीरम. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत कुत्र्यांच्या एका लशीत मेंढ्यांचा ‘ब्लूटंग’ विषाणू निघाला. लस दिलेल्या गाभण कुत्र्या गर्भपात होऊन दगावल्या. ब्लूटंग डासांसारख्या बारीक चिलटांमार्फत पसरतो, आणि कुत्र्यांत तो कुणी अपेक्षिलेलाही नव्हता. तिथेही संशयाची सुई सीरमकडेच गेली.

२००९ च्या जूनमध्ये बॉस्टनमधल्या ऑलस्टन इथे जेन्झाइम या औषध कंपनीच्या कारखान्यात मोठ्या टाक्यांतल्या पेशी मंदावल्या. कारण निघाले व्हेसिव्हायरस २११७. तो कच्च्या मालातून आला असावा असे कंपनीने म्हटले. माणसाला त्यापासून धोका असल्याचा पुरावा नव्हता. पण कारखाना बंद ठेवून धुवावा लागला, आणि गोशे व फाब्री या दुर्मीळ आजारांवरची औषधे जगभर तुटवड्यात गेली. महिनोन्‌महिने रुग्णांना अर्ध्या मात्रेवर काढावे लागले. एवढी हानी करायला विषाणूने कुणालाही आजारी पाडावे लागले नाही.

माणसांच्या लशींबद्दलचा हिशेब नीट मांडायला हवा. १९९४ मध्ये जपानच्या संशोधकांना काही मानवी लशींत बीव्हीडीच्या कुळातला आरएनए आढळला. तो सीरमचाच अवशेष होता. बीव्हीडीमुळे माणसाला आजार होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. २०१० मध्ये रोटाव्हायरसच्या एका लशीत डुकराच्या सर्कोव्हायरसचा डीएनए सापडला. तो पेशी सुट्या करायला वापरलेल्या ट्रिप्सिनमधून, म्हणजे डुकराच्या स्वादुपिंडाच्या अर्कातून आला होता. अमेरिकेने २२ मार्चला ती लस थांबवली आणि लाभ-हानी तपासून मे महिन्यात पुन्हा सुरू केली. हे वाचून कुणी लशीला नाक मुरडू नये. हे प्रदूषण सापडले ते शोधायला निघालेल्या लोकांमुळे.

भारतात या विषयाला अचानक जनतेचे लक्ष मिळाले ते १६ जून २०२१ च्या आसपास. कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे सीरम आहे, असा आरोप समाजमाध्यमांवर आणि राजकारणात गाजला. या लशीचा मूळ विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केला होता, आणि तो वाढवला जात होता व्हेरो पेशींवर. या पेशी म्हणजे १९६२ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेला वंश. आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की नवजात वासराचे सीरम फक्त व्हेरो पेशी वाढवण्यापुरते वापरतात, मग पेशी पाण्याने आणि द्रावणांनी अनेकदा धुतात, आणि अंतिम लशीत ते नसते. खुलासा बरोबर होता. पण सगळी चर्चा ‘वासराचे आहे की नाही’ यावर अडकली. त्या सीरममध्ये विषाणूंची कोणती चाचणी झाली होती, हा जास्त उपयोगाचा प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही. विकसित देशांच्या नियमांत या चाचण्या ठरलेल्या आहेत. सीरम गायीच्या आणि इतर पेशींवर घालून किमान २१ दिवस ठेवतात, मध्ये पेशी पुढच्या भांड्यांत नेतात, आणि शेवटी चमकणारी प्रतिपिंडे लावून बीव्हीडी, ब्लूटंग, रेबीज, रीओ, पार्वो अशा विषाणूंचा माग घेतात. मुका विषाणू एवढी चिकाटी दाखवल्याशिवाय सापडत नाही.

इथे ‘भारतात हा प्रश्न नाही, आपण तर बाहेरून आणतो’ असे म्हणून सुटता येत नाही. जर्मनीतल्या संशोधकांना ब्राझीलहून आलेल्या एका एफबीएसच्या बाटलीत बीव्हीडीचा एक अनोळखी भाऊबंद सापडला, आणि २००४ मध्ये तो जगापुढे आला. त्याला ‘होबी’ नाव पडले. ब्राझीलच्या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कळपांत मोठा वाटा नेलोर जातीचा आहे, आणि नेलोर म्हणजे आंध्रातल्या ओंगोल गायींची वंशावळ. आपली गवळाऊ दिसायला ओंगोलच्याच जवळची आहे, हा योगायोग. पण पुढचे योगायोग म्हणून सोडता येत नाही. होबीसारखे विषाणू थायलंडमध्ये आणि इटलीत जिवंत गायींत सापडले, आणि २०१४ मध्ये भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतल्या निरंजन मिश्रा आणि सहकाऱ्यांनी ते भारतातल्या गायींत असल्याचे दाखवले. दूषित सीरमपासून बनलेल्या लशी आणि जैविक पदार्थांतून हा विषाणू देशोदेशी पोचला असावा, अशी शंका शास्त्रज्ञांनी मांडली आहे. विषाणू बाटलीत येतो आणि बाटलीतून गोठ्यात जातो, असा रस्ता त्यात दिसतो. बीव्हीडी तर भारतीय गायींमध्ये आधीपासून नोंदवलेला आहेच. त्यामुळे सेवाग्रामच्या आसपासच्या गोठ्यात गायीला अकारण गर्भपात झाला, तर ब्रुसेला या जिवाणूच्या बरोबरीने बीव्हीडीचीही चाचणी मागावी, हे पशुवैद्यांना सांगणे अगदी सयुक्तिक ठरते.

विदर्भासाठी या कथेचा सर्वांत धारदार भाग मात्र निदानाशी संबंधित आहे. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी एक नवा विषाणू वेगळा केला. तेव्हा शहरात चिकुनगुनिया आणि डेंगी पसरलेले होते, आणि हा तिसराच निघाला. तो ‘चांदीपुरा’ म्हणून जगाच्या नोंदीत गेला. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीमागे तोच निघाला, आणि २००७ मध्ये नागपूर विभागातही तो मुलांच्या जिवावर उठला. वर्धा त्याच विभागात येतो. नवा विषाणू सापडण्याची शक्यता असलेला हा मुलूख आहे. अशा मुलखातल्या प्रयोगशाळेने रुग्णाचा नमुना पेशींवर घातला आणि काही दिवसांनी पेशींत विषाणू दिसला, तर तो रुग्णाचा की सीरमचा, हे सांगता आले पाहिजे.

ते सांगता आले नाही तर काय होते, याचे उदाहरण आहे. १९७० च्या दशकात माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत एक पॉलिओमा विषाणू सापडला, आणि त्याला माकडाचा विषाणू समजून नावही दिले गेले. नंतर कळले की तो गायीचा आहे आणि पेशींना पाजलेल्या वासराच्या सीरममधून आला होता. अनेक वर्षे शास्त्रीय साहित्यात तो चुकीच्या प्राण्याच्या नावावर राहिला.

दुसरे उदाहरण पुण्याचे. तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंह यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपासून पेशींचे वंश तयार केले. ही मोठी कामगिरी होती. डासांमार्फत पसरणारे विषाणू वाढवायला त्या पेशी जगभर मागवल्या गेल्या, येल विद्यापीठातल्या सोनिया बकली यांनी त्यांवर बरेच काम केले, आणि १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी अल्बोपिक्टसच्या वंशातूनच सी६/३६ हा प्रसिद्ध क्लोन काढला. डेंगीचा विषाणू वेगळा करायला आजही तो वापरतात. पण १९७५ मध्ये बकली, जॉर्डी कासाल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अल्बोपिक्टस पेशींच्या एका वंशात चिकुनगुनिया विषाणू आधीच बसलेला आहे. तो सीरममधून आला नव्हता. पण धडा तोच आहे. डासाच्या पेशी विषाणू घेऊनही मरत नाहीत, आणि पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. चिकुनगुनियाची साथ आलेल्या भागातून आलेला नमुना अशा फ्लास्कवर घालून ‘विषाणू सापडला’ म्हणणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करत असतो.

आणखी एक घटना, जी बाजाराबद्दल आहे. २०१३ मध्ये जीई हेल्थकेअरने जाहीर केले की तिने विकत घेतलेल्या ऑस्ट्रियातल्या पीएए या कंपनीने काही वर्षे एफबीएसमध्ये प्रौढ गायीचे अल्ब्युमिन, पाणी आणि वाढीचे पदार्थ मिसळले होते, आणि मूळ देश चुकीचा छापला होता. भेसळ सुमारे दोन लाख ऐंशी हजार लिटरची होती. मूळ देशाला किंमत असते ती तिथे गुरांचे कोणते रोग नाहीत त्यावरून. न्यूझीलंडच्या लेबलला जास्त पैसे मोजले जातात ते ‘मॅड काऊ’ची भीती नसल्यामुळे. लेबल खोटे असेल तर रोगाचा सगळा हिशेब चुकतो.

मग जिल्ह्याच्या पातळीवरच्या प्रयोगशाळेने काय करावे? पाश्चात्त्य कारखान्यांचा उपाय सीरमच सोडून देण्याचा आहे, आणि मोठ्या औषध कंपन्यांनी तो बऱ्याच अंशी अमलात आणला आहे. त्यांची माध्यमे रासायनिक घटकांनी नेमकी ठरलेली असतात. लहान प्रयोगशाळेला ती महाग पडतात, आणि प्रत्येक पेशीवंश त्यांवर वाढतही नाही. मानवी प्लेटलेटपासून काढलेला अर्क हा दुसरा पर्याय आहे. मोठ्या रक्तपेढ्यांत पाच दिवसांची मुदत उलटलेल्या प्लेटलेटच्या पिशव्या फेकल्या जातात, आणि त्यांपासून असा अर्क बनवता येतो. सेवाग्रामसारख्या रक्तपेढी असलेल्या जागी हा विचार करण्याजोगा आहे. अर्थात त्यात माणसांचे विषाणू नाहीत ना, ते रक्तदानाच्या चाचण्यांइतक्याच काटेकोरपणे पाहावे लागेल.

सीरमशिवाय काम करण्याची शिस्तही इथे परकी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हत्तीपायाच्या निदानावर काम केले. रुग्णाच्या रक्तातल्या मायक्रोफायलेरिया, म्हणजे रोगाच्या जंताच्या सूक्ष्म अळ्या, शरीराबाहेर जिवंत ठेवायच्या, त्यांनी द्रवात सोडलेली प्रतिजने गोळा करायची आणि त्यांवर चाचणी उभी करायची, अशी त्यांची पद्धत. अशा कामात बाहेरचे प्रत्येक प्रथिन निकालात ढवळाढवळ करते. भांड्यात काय काय गेले हे ज्याला माहीत नाही, त्याला ते करता येत नाही.

पैसे नसलेल्या प्रयोगशाळेलाही काही गोष्टी जमतात. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थेतूनच पेशी घ्याव्यात, शेजारच्या मित्राकडून फ्लास्क आणू नये. किरण दिलेले सीरम घ्यावे. लॉटसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रात बीव्हीडीची चाचणी कोणत्या पद्धतीने झाली ते वाचावे, नुसते ‘निगेटिव्ह’ वाचून थांबू नये. नवा लॉट आला की थोडे सीरम वेगळे गोठवून ठेवावे, आणि महत्त्वाच्या प्रयोगाआधी त्यावर बीव्हीडी आणि होबीसाठी पीसीआर करावी. कोविडनंतर वर्ध्यात पीसीआर यंत्रे आली, ती चालवणारे हात तयार झाले. प्राइमर मागवायचा खर्च एका एफबीएसच्या बाटलीच्या तुलनेत किरकोळ आहे.

आणि शोधनिबंधात ‘१० टक्के एफबीएस वापरले’ एवढेच लिहून सोडू नये. कंपनी, मूळ देश आणि लॉट क्रमांक लिहावा. उद्या त्या लॉटमध्ये काही निघाले तर कोणाचा निकाल पुन्हा तपासायचा, हे त्या एका क्रमांकावरून कळते. विदर्भातून निघणाऱ्या पुढच्या शोधनिबंधांत तो क्रमांक छापून यावा, एवढी विनंती मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थ्यांना आजच करावी.